टोकियोतले विद्यार्थी आणि एक शिवोत्सव

(नभोवाणीवरील भाषण)

टोकियो शहरात कांदा नावाची एक पेठ आहे. मराठी कानाला हे नाव काहीसे गमतीचे वाटेल. पण जपानी लिपीत ते ज्या अक्षरांनी लिहितात, त्यांचा अर्थ 'देवाचे शेत' असा होतो. या देवाच्या शेतात गेली दीडशे वर्षे पीक निघत आले आहे ते मात्र पुस्तकांचे आणि विद्यार्थ्यांचे. १८७७ साली टोकियो विद्यापीठाची स्थापना झाली ती याच भागात. विद्यापीठ पुढे हाँगोच्या टेकडीवर गेले. परंतु १८८० ते १८८५ या पाच-सहा वर्षांत कायद्याचे शिक्षण देणाऱ्या ज्या खाजगी शाळा निघाल्या, त्यांतील बहुतेक या पेठेत किंवा तिच्या आसपास स्थिरावल्या आणि कालांतराने त्यांचीच विद्यापीठे झाली. कायद्याचे ग्रंथ महाग. परीक्षा आटोपली की विद्यार्थी ते विकावयास काढी आणि नवा विद्यार्थी तेच अर्ध्या किमतीत घेई. या देवघेवीतून जुन्या पुस्तकांची दुकाने उभी राहिली. कांदा पेठेतील जिंबोचो हा भाग आजही अशा दुकानांसाठी जगप्रसिद्ध आहे. तेथे शंभराहून अधिक दुकाने नांदत आहेत. १९२३ च्या भूकंपात आणि आगीत ही पेठ जळून गेली, तरी पुस्तके पुन्हा तेथेच परत आली.

या पेठेची आज आठवण काढण्याचे कारण निराळे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, सुमारे दहा वर्षे, आशिया खंडातील नाना देशांची मुले या पेठेत आणि तिच्या शेजारच्या मोहल्ल्यांतून एकत्र राहत होती. चिनी होती, कोरियन होती, आज ज्याला आपण व्हिएतनाम म्हणतो त्या अन्नाम देशाची होती, फिलिपाइन्सची होती आणि आपल्या हिंदुस्थानचीही होती. ही मुले काय शिकावयास आली, प्रत्यक्षात काय शिकली, आणि ज्या शहराने त्यांना आसरा दिला ते शहर त्यांच्याशी शेवटी कसे वागले, याची कहाणी आपण ऐकण्यासारखी आहे. त्या कहाणीच्या मध्यभागी, कोणाच्या ध्यानीमनी नसेल असा, छत्रपती शिवाजी महाराजांचा एक उत्सव आहे.

प्रथम ही मुले जपानात का आली ते पाहू. १८९५ साली जपानने चीनचा युद्धात पराभव केला. ज्या देशाने शतकानुशतके चीनकडून लिपी घेतली, धर्म घेतला, शिष्टाचार घेतला, त्या धाकट्या शेजाऱ्याकडून हार खावी लागली. हा घाव चीनच्या विद्वानांना फार लागला. परंतु त्या घावातून त्यांनी एक शहाणपणाचा निष्कर्ष काढला. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, चीनने आपले पहिले तेरा विद्यार्थी टोकियोस पाठवले. त्यांची व्यवस्था ज्यांच्याकडे सोपवली ते कानो जिगोरो म्हणजे जूदो या मल्लविद्येचे जनक. ते मोठे शिक्षणतज्ज्ञही होते. या तेरांपैकी चौघे काही आठवड्यांतच परत गेले. जपानी जेवण त्यांच्या गळी उतरेना. आणि पाठीवर लोंबणारी त्यांची लांब वेणी पाहून रस्त्यावरची पोरे मागे लागत, ते त्यांना सोसवेना.

तरीही ओघ थांबला नाही. १८९८ साली चांग चि-तुंग या वजनदार चिनी अधिकाऱ्याने शिक्षणावर एक पुस्तक लिहून जपानचाच पुरस्कार केला. त्याची कारणे अगदी व्यवहारी होती. जपान जवळ आहे, म्हणून खर्च कमी. लिपी ओळखीची आहे, म्हणून शिकणे सोपे. आणि पाश्चात्त्यांच्या ग्रंथांतले निवडक तेवढे जपान्यांनी आधीच पाखडून ठेवले आहे, म्हणून वेळही वाचेल. पुढे १९०५ साली दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. मे महिन्यात त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानने रशियाचे आरमार बुडवले आणि सगळा आशिया चकित होऊन टोकियोकडे पाहू लागला. सप्टेंबरात चीनने तेराशे वर्षांची आपली राजपरीक्षा बंद केली. म्हणजे जुन्या विद्येने सरकारी नोकरी मिळण्याचा मार्गच बुजला. परिणाम असा झाला की १९०५-०६ च्या सुमारास एकट्या टोकियोत आठ हजारांच्या आसपास चिनी विद्यार्थी जमले.

एवढ्या मुलांना शिकवणार कोण? कानो यांनी १९०२ साली कोबुन नावाची विद्याशाळा काढली. ती १९०९ मध्ये बंद होईपर्यंत तिच्यात सात हजारांवर चिनी विद्यार्थी दाखल झाले. वासेदा विद्यापीठाने १९०५ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग उघडला. यांखेरीज सहा-आठ महिन्यांत अध्यापकाचे किंवा पोलिसाचे शिक्षण पुरे करून देणारे झटपट वर्ग निघाले. त्यांत चांगले थोडे, धंदेवाईकच फार. जेथे विद्यार्थी जमतो तेथे विद्येचा बाजारही भरतो, हा अनुभव काही आजचा नव्हे.

या मुलांचा दिवस कसा जात असेल? सहा चटयांची एक खोली, तीत लिहिण्याचे एक ठेंगणे मेज, हात शेकावयास एक शेगडी, आणि भाताबरोबर मासळी व लोणचे देणारी घरमालकीण, हे त्यांचे बिऱ्हाड. अंघोळीस सार्वजनिक स्नानगृहात जावयाचे. संध्याकाळी दूध विकणाऱ्या दुकानात बसले की एका पेल्याच्या किमतीत दिवसभराची वर्तमानपत्रे वाचावयास मिळत. जपानी विद्यार्थी घोळदार हाकामा नेसून, उंच लाकडी खडावा खडखडवीत, मुद्दाम राकटपणे हिंडत. वासेदा आणि केइओ या दोन विद्यापीठांचे बेसबॉलचे सामने १९०३ साली सुरू झाले. पण दोन्हींकडच्या पाठिराख्यांचा उन्माद इतका वाढला की १९०६ मध्ये ते बंद करावे लागले आणि १९२५ पर्यंत पुन्हा झाले नाहीत! घरच्या जेवणासाठी आसुसलेल्या चिनी मुलांकरिता कांदा पेठेत १८९९ सालीच एक चिनी खानावळ निघाली होती. तिचे नाव होते इशिनगो. त्यातील 'इशिन' म्हणजे नवी घडी बसवणे. खानावळीच्या पाटीवरही त्या काळाची हवा अशी लागलेली होती.

चिनी विद्यार्थ्यांची एक वास्तू सुरुगादाई येथे १९०२ पासून होती. प्रवेशदाराशी पुस्तके विकावयास मांडलेली, आत सभांसाठी खोल्या. तेथे संध्याकाळी जमीन हादरत असे आणि धुळीचे लोट उठत. कारण काही मंडळी पाश्चात्त्य नृत्याचे धडे घेत असत. हे चित्र आपल्याला ठाऊक आहे ते लू शुन या लेखकामुळे. आधुनिक चिनी साहित्याचा हा आद्य पुरुष १९०२ साली सरकारी शिष्यवृत्तीवर टोकियोस आला आणि कानो यांच्या शाळेत दाखल झाला. टोपीखाली वेणीचे वेटोळे घालून वसंतात फुले पाहत हिंडणाऱ्या आपल्या देशबांधवांची त्याने पुढे बरीच थट्टा केली आहे. स्वतःची वेणी त्याने १९०३ साली कापून टाकली. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु ती वेणी म्हणजे मांचू बादशहाच्या सत्तेची खूण होती. ती कापणे हा राजद्रोह होता. १९०९ साली मायदेशी परतताच त्याला खोटी वेणी विकत घेऊन लावावी लागली. जे स्वातंत्र्य टोकियोत न्हाव्याच्या दुकानात मिळत होते, ते स्वतःच्या देशात मिळत नव्हते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही मुले आली होती कायदा, वैद्यक, युद्धशास्त्र आणि अध्यापन शिकावयास. त्या विद्या त्यांनी कमी-अधिक प्रमाणात घेतल्याही. परंतु जे खरे शिक्षण झाले ते वर्गाबाहेर, बिऱ्हाडात आणि पुस्तकांच्या दुकानांत. युरोपीय कल्पनांसाठी जपानी पंडितांनी चिनी अक्षरे जुळवून शब्द सिद्ध केले होते. समाज, अर्थकारण, तत्त्वज्ञान, क्रांती यांसाठीचे ते शब्द चिनी विद्यार्थ्यांनी उचलले आणि आपल्या मासिकांतून मायदेशी पाठवले. आज चिनी माणूस यांतला एखादा शब्द उच्चारतो तेव्हा टोकियोत घडलेलेच नाणे चालवीत असतो. अन्नामचे देशभक्त फान बोई चाऊ १९०५ साली जपानात आले तेव्हा त्यांना जपानीही येत नव्हती आणि बोलीची चिनीही येत नव्हती. तरी ते लियांग छी-छाओ आणि सन यत्-सेन या चिनी पुढाऱ्यांशी तास-तास चर्चा करीत. कागदावर कुंचल्याने अक्षरे लिहावयाची, समोरच्याने वाचून खाली उत्तर लिहावयाचे, असा तो मूक संवाद चाले.

मतभेद आणि मानापमानही पुष्कळ होते. नोव्हेंबर १९०५ मध्ये जपानच्या शिक्षणखात्याने चिनी मुलांना घेणाऱ्या शाळांवर नवे निर्बंध लादले. विद्यार्थ्यांच्या राहण्यावरही त्यात देखरेख होती. त्याच वर्षी २० ऑगस्टला सन यत्-सेन यांच्या पुढाकाराने टोकियोत क्रांतिकारकांची संयुक्त संघटना स्थापन झाली होती, आणि चीनच्या सरकारला ही मुले डोळ्यांत सलत होती, हे लक्षात घेतले म्हणजे निर्बंधांचा रोख कळतो. मुलांनी वर्गांवर बहिष्कार घातला. एका मोठ्या जपानी वृत्तपत्राने त्यांना स्वैर आणि हलक्या वृत्तीचे ठरवले. तेव्हा छेन थ्येन-ह्वा या तरुण लेखकाने आपल्या सोबत्यांसाठी एक पत्र लिहून ठेवले आणि ८ डिसेंबर १९०५ रोजी ओमोरीच्या किनाऱ्यावर समुद्रात देह विसर्जित केला. आपल्यावरचा आक्षेप आपण वर्तनाने खोटा पाडावा, हा त्याच्या पत्राचा इत्यर्थ होता. सुमारे दोन हजार विद्यार्थी त्यानंतर मायदेशी निघून गेले. जाणाऱ्यांत छ्यू चिन ही तेजस्वी स्त्रीही होती. पुरुषी वेषात वावरणारी, तलवार शिकणारी ही कवयित्री १९०७ च्या जुलैमध्ये आपल्या गावी बंडाच्या आरोपाखाली वधस्तंभाला सामोरी गेली.

आता आपल्या मुलांकडे वळू. स्वदेशीच्या चळवळीने हिंदुस्थानात काच, आगपेट्या, पेन्सिली, चिनी मातीची भांडी यांचे कारखाने काढण्याची ईर्ष्या उत्पन्न झाली होती. हे शिकावयास विलायत महाग आणि मन मारणारी. जपान स्वस्त आणि स्वतंत्र. १९०४ साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या एका शिक्षणमंडळाने होतकरू तरुणांना शिष्यवृत्त्या देऊन परदेशी धाडण्यास प्रारंभ केला, आणि त्यांतले कित्येक टोकियोस उतरले. बंगाली मुलांचा त्यांत भरणा होता. पण इतरही होते. काचेची विद्या जपानात आणि नंतर अमेरिकेत घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या साहाय्याने १९०८ साली तळेगावला पैसाफंडाचा काच कारखाना सुरू झाला. घरोघरच्या एकेका पैशातून उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याच्या भट्टीत टोकियोची ठिणगी होती. वर्ध्याकडचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हेही अमेरिकेस जाण्यापूर्वी काही काळ जपानात होते.

याच भारतीय विद्यार्थ्यांनी २० एप्रिल १९०७ रोजी टोकियोत शिवाजी महाराजांच्या स्मरणार्थ सभा भरवली. बंगाली मुलांना शिवोत्सवाची गोडी कोठून लागली असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी मंडळींना विशेष सुखावणारे आहे. लोकमान्य टिळकांनी १८९६ साली रायगडावर जो उत्सव सुरू केला, तो १९०२ मध्ये कलकत्त्यास नेला सखाराम गणेश देउस्कर यांनी. देउस्करांचे घराणे कोकणातले, पण पिढ्यान्‌पिढ्या वैद्यनाथधामाजवळ, देवघर येथे स्थायिक झालेले. घरी मराठी आणि लेखणीत बंगाली, अशा या पुरुषाने १९०४ साली 'देशेर कथा' हा ग्रंथ लिहून बंगालला हिंदुस्थानच्या आर्थिक लुटीचा हिशेब समजावून दिला. सरकारने १९१० साली तो जप्त केला. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या कडू आठवणी ज्या प्रांतात पाळण्यातल्या गाण्यांपर्यंत झिरपल्या होत्या, तेथे शिवाजीचे नाव स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून रुजवणे हे सोपे काम नव्हते. ते या परप्रांतीय मराठी माणसाने केले. १९०६ च्या जूनमध्ये खुद्द टिळक कलकत्त्याच्या उत्सवास गेले. आणि वर्ष उलटण्याच्या आत तोच उत्सव समुद्र ओलांडून जपानच्या राजधानीत पोहोचला.

सभेस जपानी आणि चिनी पाहुणेही होते. चिन्यांपैकी एक चांग ताय-येन. हा मोठा व्युत्पन्न पंडित आणि तितकाच कडवा क्रांतिकारक. बादशहाविरुद्ध लिहिल्याबद्दल त्याने शांघायच्या तुरुंगात तीन वर्षे काढली होती. तेथे बौद्ध तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचता वाचता हिंदुस्थानाविषयी त्याच्या मनात गाढ आदर निर्माण झाला. १९०६ मध्ये सुटका होताच तो टोकियोस आला आणि क्रांतिकारकांच्या 'मिन-पाओ' या मासिकाचा संपादक झाला. प्रमुख जपानी पाहुणे होते काउंट ओकुमा शिगेनोबू. ते १८९८ साली पंतप्रधान होते, वासेदा विद्यापीठाचे संस्थापक होते, हिंदी-जपानी स्नेहमंडळाचे आधारस्तंभ होते. असा उदारमतवादी थोर पुरुष स्वतंत्र आशियाई राष्ट्राच्या वतीने आपल्याला धीराचे चार शब्द सांगेल, अशी मुलांची अपेक्षा असणार.

ओकुमा बोलावयास उभे राहिले आणि त्यांनी इंग्रजांच्या राज्यकारभाराची वाखाणणी केली. हिंदी लोकांनी दुसऱ्यास दोष न देता, बळाचा मार्ग न धरता, आपल्या समाजाची सुधारणा करावी, असा उपदेश त्यांनी केला. शिवाजी महाराजांच्या स्मरणासाठी भरलेल्या सभेत हा उपदेश! परक्या सत्तेला आव्हान देऊन ज्याने स्वराज्य उभे केले, त्याच्या नावाने जमलेल्या मुलांना परक्या सत्तेशी गोडीने राहण्याचा धडा मिळत होता. चांग ताय-येन संतापला. मे महिन्याच्या 'मिन-पाओ'मध्ये त्याने या सभेचा वृत्तान्त लिहिला आणि ओकुमांच्या भाषणावर सडकून टीका केली. मराठी राजाच्या स्मृतिसभेविषयी चिनी भाषेत, जपानी शहरात छापलेला हा लेख आशियाच्या इतिहासातील एक अपूर्व कागद होय.

ओकुमा असे का बोलले? ते दुष्ट होते म्हणून नव्हे. जपानने १९०२ साली इंग्लंडशी मैत्रीचा तह केला होता. ऑगस्ट १९०५ मध्ये तो नव्याने झाला तेव्हा त्याची व्याप्ती हिंदुस्थानपर्यंत वाढवली होती. इंग्लंडच्या हिंदी साम्राज्याच्या सुरक्षिततेला जपानने मान्यता द्यावयाची आणि कोरियावरील जपानच्या वर्चस्वाला इंग्लंडने मान तुकवायची, असा तो सौदा होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कोरिया जपानचे संरक्षित राज्य बनला. ज्याच्या स्वतःच्या खिशात दुसऱ्याच्या घराची किल्ली आहे, तो तिसऱ्याला घर सोडवून घेण्याचा सल्ला देणार कसा? जे टोकियो मुलांना पुस्तकांच्या दुकानांत भेटत होते ते वेगळे, आणि जे सरकारी कचेऱ्यांत बसून तह करीत होते ते वेगळे, ही जाणीव त्या दिवशी पुष्कळांना झाली असावी.

त्या निराशेतून मात्र एक चांगली गोष्ट घडली. चांग ताय-येनचे दोन भारतीय मित्र होते. त्यांच्यापैकी एकाने आशियाला घडीच्या पंख्याची उपमा दिली होती, ती चांगने नोंदवून ठेवली आहे. हिंदुस्थान हा पंख्याचा कागद, चीन या बांबूच्या काड्या, आणि त्या एकत्र धरणारी मुठीजवळची दोरी म्हणजे जपान. १९०७ सालीच या मंडळींनी टोकियोत एक आशियाई स्नेहसंघ स्थापन केला. त्याची घटना चांगने लिहिली आणि ती चिनी व इंग्रजी अशा दोन भाषांत होती. संघाला अध्यक्ष नव्हता. सर्व सभासद सारखे. राष्ट्रवादी असो, प्रजासत्ताकवादी असो की समाजवादी, जो आक्रमणाचा पुरस्कर्ता नाही अशा कोणत्याही आशियाई माणसाला संघ मोकळा होता. एका देशात स्वातंत्र्यासाठी उठाव झाला तर इतरांनी यथाशक्ती साहाय्य करावे, हे त्यातले मुख्य कलम. हिंदुस्थान, चीन, अन्नाम, फिलिपाइन्स या देशांचे तरुण आणि कोतोकू शूसुई यांच्या विचाराचे काही जपानी समाजवादी तेथे एकत्र बसू लागले. कोरियन विद्यार्थी मात्र आले नाहीत. जेथे जपानी बसतात तेथे आपण बसणार नाही, असा त्यांचा बाणा होता, हे एका जपानी सभासदानेच पुढे लिहून ठेवले आहे. ज्याचा घाव ताजा असतो त्याच्याकडून बंधुभावाची घाई अपेक्षू नये, हे त्या सभासदाला कळले असावे.

ही मैत्री राजकारणापुरती नव्हती. सू मान-शू या तरुण भिक्षूने १९०७ मध्ये चिनी वाचकांसाठी संस्कृतच्या व्याकरणाचा पहिला भाग लिहून काढला. त्याला प्रस्तावना चांगची होती. खुद्द चांगने १९०९ मध्ये एका भारतीय शिक्षकाकडे संस्कृतचे धडे घेण्यास आरंभ केला आणि लू शुनच्या धाकट्या भावालाही वर्गास बोलावले. शिकणारे दोघेच, वर्ग फार दिवस चाललाही नाही. १९०८ मध्ये रविवारी सकाळी 'मिन-पाओ'च्या कचेरीत चांग आपल्या आठ शिष्यांना प्राचीन चिनी अक्षरांची व्युत्पत्ती शिकवीत असे. चटईवर ठेंगण्या मेजाभोवती बसणाऱ्या त्या आठांत लू शुन होता. त्या सुमारास तो आणि त्याचे चार सोबती हाँगोतील ज्या घरी राहत, तेथे आधी नात्सुमे सोसेकी हा जपानचा थोर कादंबरीकार राहून गेला होता. लू शुनने भावासह १९०९ साली परदेशी कथांच्या अनुवादाचे दोन भाग छापले. टोकियोत प्रत्येकी जेमतेम वीसेक प्रती खपल्या. पुढे ज्याने एका राष्ट्राची भाषा घडवली, त्याच्या आरंभीच्या एका पुस्तकाला वीस वाचक मिळाले, हे आपल्याकडील नवोदित लेखकांनी ध्यानात ठेवावे.

शेवट मात्र झपाट्याने आला. जून १९०७ मध्ये जपानने फ्रान्सशी तह केला आणि अन्नामी मुलांवर पाळत सुरू झाली. १९०८ मध्ये त्यांची संख्या दोनशेच्या घरात होती. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत त्यांना पांगवण्यात आले आणि मार्च १९०९ मध्ये फान बोई चाऊ यांनाही जपान सोडावे लागले. ऑक्टोबर १९०८ मध्ये 'मिन-पाओ'वर बंदी आली. जपानी समाजवाद्यांची धरपकड होऊन स्नेहसंघही विरून गेला. १९१० च्या ऑगस्टमध्ये कोरिया जपानी साम्राज्यात जोडला गेला. १९१५ साली चीनवर ज्या एकवीस मागण्या लादल्या गेल्या, त्या वेळी पंतप्रधानपदी होते तेच काउंट ओकुमा. मे १९१८ मध्ये कांदा पेठेतील त्याच इशिनगो खानावळीत जमलेल्या चिनी विद्यार्थ्यांना पोलिसांनी पकडून नेले. आणि ८ फेब्रुवारी १९१९ रोजी, त्याच पेठेतील ख्रिस्ती युवक संघाच्या सभागृहात, शेकडो कोरियन विद्यार्थ्यांनी आपल्या देशाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १ मार्चला, कोरियाभर जो प्रचंड लोकलढा पेटला त्याची पहिली काडी जपानच्या राजधानीत, जपानी विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलांनी ओढली होती.

तर मग टोकियोने या मुलांना काय दिले? फसवणूक दिली असे म्हणणे अन्यायाचे होईल. लू शुन सेंदाईच्या वैद्यकीय शाळेत होता तेव्हा फुजिनो नावाचे प्राध्यापक त्याच्या टिपणवह्या दर आठवड्यास मागून घेत आणि तांबड्या शाईने शुद्ध करून परत देत; ती आठवण लू शुनने जन्मभर उराशी बाळगली. असाबा साकितारो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९०८ साली, सरकारचे डोळे वटारलेले असताना, फान बोई चाऊ यांच्या निराधार मुलांसाठी सतराशे येन पाठवले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. १९१० मध्ये डॉक्टर वारले. आठ वर्षांनी, १९१८ साली, फान गुपचूप जपानात आले आणि डॉक्टरांच्या खेड्यात त्यांनी कृतज्ञतेचा शिलालेख उभा केला. तो आजही उभा आहे. राज्यांचे तह केव्हाच रद्द झाले. तो दगड मात्र राहिला.

मला या कहाणीचे तात्पर्य असे वाटते. शहर विद्यार्थ्याला वर्ग देते, ग्रंथ देते, खोली देते. पण ते त्याला सर्वांत मोलाची गोष्ट देते ती नकळत. ती म्हणजे दुसऱ्या देशाचा, दुसऱ्या भाषेचा सोबती. चिनी पंडिताला शिवाजी कोण हे टोकियोने शिकवले नाही. शेजारच्या बिऱ्हाडातील हिंदी मुलाने शिकवले. अन्नामी देशभक्ताला धीर दिला तो कागदावर अक्षरे लिहिणाऱ्या चिनी मित्राने. शहराने केवळ जागा दिली, आणि त्या जागेत काय उगवते आहे हे पाहून ते घाबरले. विद्या द्यावयाची पण तिचा उपयोग करू द्यावयाचा नाही, असा यत्न राज्यकर्ते नेहमीच करीत आले; तो यशस्वी झालेला दिसत नाही.

आज आपल्या पुण्यात, वडोदऱ्यात, हैदराबादेत नेपाळची, अफगाणिस्तानची, आफ्रिकेतील देशांची मुले शिकावयास येतात. त्यांना खोली देताना आपण कपाळाला आठ्या घालतो का, रस्त्यावरची पोरे त्यांच्या मागे लागतात का, त्यांच्या वहीवर तांबड्या शाईने कोणी आपुलकीची दुरुस्ती करतो का, याचा विचार आपण करावयास हवा. परमुलखात घर करून राहिलेल्या आणि तेथे आपली भाषा जपलेल्या आपल्यासारख्या लोकांना तर हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. देउस्करांसारखा एक परप्रांतीय माणूस दोन प्रांतांतील कडूपणा पुसून टाकू शकतो, हे आपण पाहिलेच.

त्या भारतीय विद्यार्थ्याने कल्पिलेला पंखा काही उघडला नाही. ज्याला दोरी मानले होते त्याचाच फास झाला. पण कागद आणि काड्या एका पेठेत काही वर्षे एकमेकांशेजारी राहिल्या होत्या, आणि त्यांनी एकमेकांची नावे शिकून घेतली होती. त्या नावांत एक नाव शिवाजीचे होते, एवढे आपण विसरू नये.